पोटात पाय

चष्म्यांचा कारखाना बंद झाला त्या संध्याकाळी
आम्ही चौघं स्टेशनसमोरच्या बारमध्ये बसलो होतो.
बाहेर ज्युराचे डोंगर, आत पांढरी वाइन,
आणि रेजीस पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर हिशोब मांडत होता:
एक गोगलगाय, ऐंशी अंडी,
त्या ऐंशींची प्रत्येकी ऐंशी, गुणिले...
पुठ्ठा संपला, आकडा संपेना.

आर्मेल म्हणाली, भरपाईच्या पैशांत
एक शेड येईल, एक जुनी व्हॅन,
आणि भांडायला थोडे उरतील.
यातलं शेवटचं सगळ्यात आधी खरं ठरलं.

कंपनीच्या नावावर तीन आठवडे गेले.
रेजीसला त्यात ‘आंतरराष्ट्रीय’ हवंच होतं.
गिलँ काही बोलला नाही.
सव्वीस वर्षं माझ्या शेजारच्या यंत्रावर
तो काड्यांना भोकं पाडत आला,
आणि मला त्याच्या आवाजापेक्षा
त्याच्या शिंका जास्त ओळखीच्या.

बँकेतल्या साहेबानं आमचा कागद वाचताना
घसरलेला चष्मा वर सरकवला. पुन्हा सरकवला.
आर्मेलनं टेबलाखाली माझा पाय दाबला:
आपलाच. चारशे सात नंबर. डावा स्क्रू ढिला.
रेजीसनं खिशातून पेचकस काढला,
साहेबाच्या नाकावरून चष्मा उतरवला,
पीळ दिला, परत बसवला.
कर्ज मंजूर झालं.

मार्चमध्ये पिल्लं आली, तांदळाच्या कणीएवढी.
कवचातून आतला काळा ठिपका दिसायचा.
पालक, खडूची भुकटी, रात्री पाण्याचा फवारा,
भोवती बॅटरीवरची विजेची तार.
पोसलेल्यांना विकायचंच आहे,
तेव्हा कुणी त्यांना नावं ठेवायची नाहीत, असा ठराव झाला.
मग सगळी नावं आम्ही एकमेकांनाच ठेवली.

ऑक्टोबरात दोलच्या हॉटेलची ऑर्डर आली,
नाताळासाठी बाराशे डझन.
विक्रीआधी पाच दिवस कडकडीत उपास घालायचा,
पोट रिकामं हवं, असं पुस्तकात होतं.
चौथ्या रात्री पाळी गिलँची.

सकाळी दार सताड, तारेची बॅटरी बंद.
चंदेरी रेघा उंबऱ्यावरून रस्त्यात,
रस्त्यातून चर्चच्या पायऱ्यांवर,
तिथून वळून (देव पुरे झाला असावा)
व्हिलेर्मोबाईंच्या कोबीत.
बाई हातात चाळणी घेऊन फाटकात उभ्या.
‘ह्या तुमच्या का?’
शाळेतून तक्रार यावी तसा सूर.

रेजीस धावत सुटला.
गोगलगाईंच्या मागे धावणारा माणूस
मी पहिल्यांदाच पाहिला.
तो त्यांच्या पुढे निघून गेला,
त्याला मागे यावं लागलं.

दुपारपर्यंत गाव बादल्या घेऊन वाकलं होतं.
साहेबही आले, रबरी बुटांत,
आपलं कर्ज पानापानाखाली शोधत.
चष्मा काही घसरला नाही.
मिळाल्या तीनशे अकरा डझन.

गिलँ उलट्या बादलीवर बसला होता,
हातांना पालकाचा वास.
‘उपाशी होत्या,’ तो म्हणाला.
बस. एवढंच.
म्हणतात ना, गोगलगाय नि पोटात पाय;
तर ह्याच्या पोटात होते,
आणि ते रात्री दोन वाजता
दारापर्यंत चालत गेले.

आर्मेलनं हिशोबाची वही त्याच्या अंगावर फेकली.
नेम चुकला. मग वही उचलून, झटकून
तिनं त्याच्याच शेजारी बसून
तोटा लिहायला घेतला,
आणि मधेच, कशानं कुणास ठाऊक,
हसायला लागली, ते थांबेचना.

आता व्हॅन गावोगाव चष्मे दुरुस्त करत फिरते.
रंगाला पैसे नव्हते, म्हणून
दारावरची गोगलगाय तशीच ठेवली;
गिलँनं तिच्या शिंगांवर चष्मा काढला तेवढा.
गिऱ्हाईक विचारतं, ही कशाला?
रेजीस पुठ्ठा शोधू लागतो:
एक गोगलगाय, ऐंशी अंडी...
आर्मेल मान वर न करता
त्याच्या हातातलं पेन काढून घेते.